पाठीला पाठ

लहानपणी वडिलांनी तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव तिला असं चिकटलं की सासरीही तेच चालू राहिलं. एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. जेवता जेवता पाणी आणायला उठायची, पाणी आणताना खिडकी लावायची, खिडकी लावताना खाली कोण भांडतंय ते बघायला जिना उतरायची, आणि तोवर ताट गार. अशा बाईने पोटापाण्यासाठी धंदा निवडला तो मात्र दिवसभर बसून राहण्याचा. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची.

गाडी चालवायचा तो शिकणारा. ही शेजारच्या सीटवर. पायाखाली तिचा स्वतःचा वेगळा ब्रेक. शिकणाऱ्याने गिअरच्या नादात समोरचा सायकलवाला पाहिला नाही, की हिचा पाय तिला कळायच्याही आधी खाली गेलेला असायचा. बसलेली दिसली तरी आतून ती कायम पळत असायची, म्हणूनच तो धंदा तिला मानवला होता. दिवस गेले तेव्हाही तिने काम सोडलं नाही. पोट पुढे आलं तशी सीट मागे सरकवत गेली, पाठ टेकवत गेली, आणि शेवटी शेवटी तर अशी रेलून बसायची की बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, ही बाई गाडीत झोपा काढायचे पैसे घेते.

आठवा महिना सरता सरता कंबर धरली. आधी नुसती ठणकायची. मग कमरेच्या अगदी खाली, दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मधे, कोणीतरी अंगठा रोवून ठेवल्यासारखं दुखायला लागलं. बसलं तरी दुखे, उभं राहिलं तरी दुखे. कुशीवर झोपलं तर जरा बरं, पण एका कुशीवर ती कसली राहतेय. रात्रभर या अंगावरून त्या अंगावर. शेजारी नवरा उशी घट्ट धरून झोपायचा, कारण तीही ती केव्हा ओढून घेईल याचा नेम नसायचा.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. शांत माणूस. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या लोकांशी बाहेरून बोलत राहायची त्याला सवय होती. घरीही तो तसाच बोलायचा, "होईल बरं, थोडा वेळ जाऊ दे." तिला त्या आवाजाचा संताप यायचा. ती काय अडकली होती?

आणि सासूबाई. सासूबाईंनी उभं आयुष्य एका लॉन्ड्रीत इस्त्री मारली होती. मनगटं पुरुषासारखी, बोलणंही इस्त्रीसारखंच, एकदा फिरलं की घडी कायम. त्यांनी कंबरदुखीचं निदान पहिल्याच दिवशी केलं.

"गाडीत बसून बसून झालंय हे. पोटातलं पोर काय पोतं आहे का, खड्ड्याखड्ड्यांतून हादरे द्यायला?"

"आई, डॉक्टरबाईंनी परवानगी दिलीय."

"डॉक्टरबाईंना काय जातं परवानगी द्यायला?"

नववा लागल्यावर तपासणीला गेली तेव्हा डॉक्टरबाईंच्या आधी सिस्टरने पोट पाहिलं. उंच, सावकाश बोलणाऱ्या बाई. हात आधी एकमेकांवर चोळून गरम केले, मग पोटाच्या दोन्ही बाजूंनी असे ठेवले जसं कोणी अंधारात उशीच्या अभ्र्यातली उशी चाचपावी. खाली डोकं सापडलं. मग बराच वेळ त्या दोन्ही बाजूंना काहीतरी शोधत राहिल्या.

"लाथा कुठे बसतात?"

"इथे, पुढे. सगळीकडे पुढेच. परवा चहाचा कप पोटावर ठेवला होता, तो उडवला."

सिस्टर हसल्या. "हा बेंबीपाशी खळगा दिसतोय ना? डोकं खाली आहे, ते छानच आहे. फक्त बाळाची पाठ तुमच्या पाठीला लागलीय. बहुतेक बाळं या दिवसांत आईच्या पाठीकडे तोंड करून असतात. तुमचं पुढे बघत बसलंय."

"म्हणून कंबर दुखते?"

"कंबर या दिवसांत सगळ्यांचीच कुरकुरते. पण डोक्याची मागची टणक बाजू तुमच्या हाडावर टेकली असेल, तर तेही एक कारण असू शकतं."

"मग वळवायचं कसं?"

"बरीचशी बाळं आपली आपण वळतात. कळा सुरू झाल्यावरही वळतात. काही नाही वळत. तुम्ही अशा रेलून बसू नका, जरा पुढे झुकून बसा. ओणवं राहिलात तर कमरेला आराम पडेल. त्याने बाळ वळेलच असं मात्र मी सांगणार नाही." मग त्यांनी कधी धावत यायचं तेही सांगितलं. पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल कमी वाटली, किंवा दुखणं थांबून थांबून येऊ लागलं, तर.

भिंगरीने यातलं ओणवं राहण्यापर्यंतचं ऐकलं. पुढचं सगळं तिथल्या तिथे, त्या टेबलावर ठेवून ती घरी आली. तिला करायला काहीतरी मिळालं होतं.

त्या दिवसापासून घराची दशा झाली. ती फरशी हाताने पुसायची, रोज, कोपरान् कोपरा, पलंगाखालून सुद्धा. खुर्चीवर उलटी बसायची, पाठीच्या दांड्यावर हात टाकून. टीव्ही बघायची ती ओणवी होऊन. नवऱ्याने एकदा संध्याकाळी दार उघडलं तर बायको चार पायांवर, आणि समोर बातम्या.

"काय हरवलंय?" त्याने विचारलं.

"काही नाही. बाळ वळवतेय."

तो चपला काढून तिच्या शेजारी तसाच ओणवा झाला आणि दोघांनी हवामानाचा अंदाज बघितला. सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या, दोघांकडे पाहिलं, आणि एक अक्षर न बोलता परत आत गेल्या. त्यांचं असं न बोलणं फार बोचायचं.

ती पोटातल्या बाळाशी बोलायची ते सुद्धा शिकणाऱ्याशी बोलावं तसं. "घाई नाही. आधी आरसा बघायचा. मागे कोणी नाही ना? मग सावकाश, पूर्ण वळण घ्यायचं." बाळ ढिम्म. पुढे तोंड करून लाथा मारत राहायचं. पुढच्या तपासणीत सिस्टरने पुन्हा हात चोळले, पुन्हा चाचपलं, आणि भिंगरीला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"अजून तसंच?"

"अजून तसंच. पण वेळ आहे."

घरी परतताना ती मुद्दाम दोन बसथांबे चालत गेली. तिला बाळाचा राग आला होता आणि त्या रागाची लाजही वाटत होती. आपण इतकी माणसं वळवली. बसखाली जाता जाता वाचवली. आणि हे एवढंसं, आपल्याच पोटातलं, ऐकत नाही. मग मनात सासूबाईंचं वाक्य आलं. गाडीत बसून बसून. खरंच असेल? इतके महिने आपण त्या सीटवर रेलून राहिलो, बाळालाही वाटलं असेल, हीच बसायची पद्धत. ती पावलं भरभर टाकू लागली, जणू भरभर चालून झालेले महिने मागे घेता येणार होते.

शेवटचे काही धडे उरले होते. त्यात एक दातांचे डॉक्टर होते, पन्नाशीचे, सगळे त्यांना दातवाले म्हणत. दिवसभर लोकांना "जरासं लागेल हं" म्हणणारा हा माणूस स्वतः मात्र वळणावर आला की डोळे मिटायचा. परीक्षेत आधी नापास झाला होता आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. "मॅडम, तुम्ही रजेवर गेलात तर मी दुसऱ्या कोणाकडे शिकणार नाही," असं तो म्हणायचा आणि भिंगरीला ते मनापासूनचं वाटायचं.

त्या दुपारी दातवाले गाडी बाजारामागच्या रस्त्याने नेत होते. भिंगरी पाठीमागे उशी खुपसून ताठ बसली होती. कंबर सकाळपासून जास्तच धरत होती, पण कंबर रोजच धरत होती. बोलता बोलता तिचं वाक्य तुटायचं. "पुढच्या चौकात इंडिकेटर द्या, आणि..." मग काहीच नाही. मग थोड्या वेळाने, "आणि गती कमी."

दातवाल्यांनी गाडी कडेला घेतली. न सांगता, इंडिकेटर देऊन, छान घेतली.

"काय झालं? चालू ठेवा ना."

"मॅडम, तुमचं दुखणं येतं आणि जातं."

"कंबर आहे हो. महिनाभर चालूच आहे."

"सलग दुखणारा माणूस वेगळा बसतो. माझ्या खुर्चीत दिवसभर तेच तर बघतो मी. तुम्ही मधेच श्वास धरता. मग सोडता. मग पाच मिनिटं नेहमीसारख्या असता. मग पुन्हा धरता."

"पण कळा पोटात येतात," ती म्हणाली. तिला तसंच ठाऊक होतं. पोट दुखणार, कुठल्याही बाईला कळावं असं दुखणार. इथे पोट गप्प होतं. जे काही चाललं होतं ते पाठीत, माकडहाडाच्या वर, जसं कोणीतरी तिथून स्क्रू पिळत होतं. तिने नकळत पोटावर हात ठेवला. तेवढ्यात पाठीतला पीळ पुन्हा सुरू झाला, आणि हाताखालचं पोट फळीसारखं कडक झालं.

सिस्टरचं ते टेबलावर ठेवून आलेलं वाक्य तिला आत्ता ऐकू आलं. दुखणं थांबून थांबून आलं तर.

"हॉस्पिटल," ती म्हणाली. "उठा, मी चालवते."

"तुम्ही चालवणार नाही," दातवाले म्हणाले, आणि चेहरा असा केला की जणू आता त्यांनाच कोणीतरी दात काढायला बसवलंय.

हॉस्पिटल फार लांब नव्हतं. पण तो रस्ता दोघेही विसरणार नाहीत. गाडी नीट चालायची, मग मधेच जोरात आचका देऊन बंद पडायची. दातवाले पुन्हा सुरू करायचे, घामाघूम. पुन्हा आचका. मागून हॉर्न.

"माझं काय चुकतंय?" त्यांनी रडकुंडीला येऊन विचारलं.

"काही नाही. क्लच बरोबर आहे."

"मग बंद का पडतेय?"

त्यांनी खाली पाहिलं. भिंगरीचा पाय तिच्या ब्रेकवर होता, आणि दर कळेला तो तळापर्यंत जात होता.

"मॅडम," ते फार आदराने म्हणाले, "तेवढे पाय वर घेऊन बसाल का?"

तिने पाय सीटवर घेतले, खिडकीच्या दांडीला धरलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या ब्रेकशिवाय गाडी चौक ओलांडून गेली.

हॉस्पिटलात त्याच सिस्टर होत्या. त्यांनी तपासलं, यंत्र लावून बाळाचे ठोके ऐकवले. ठोके छान होते. गर्भाशयाचं तोंड मात्र जेमतेम उघडलं होतं. "सुरुवात आहे. पहिलटकरणीला वेळ लागतो, आणि बाळ असं असलं की आणखी लागतो. घर जवळ आहे ना? जा, खा, झोपता आलं तर झोपा."

"घरी?" तिला वाटलं होतं आत्ता आत नेतील आणि संपवून टाकतील.

"घरी. इथे पडून राहाल तर जास्त वैतागाल."

पडून राहण्याचा प्रश्नच नव्हता. ती घरभर फिरली. खोलीतून गॅलरीत, गॅलरीतून ओट्यापाशी, ओट्यापासून दारापर्यंत. कळ आली की जे समोर असेल त्यावर वाकायची, टेबल, फ्रीज, एकदा नवऱ्याची पाठ. नवरा गरम पाण्याची पिशवी घेऊन तिच्या मागे मागे, वरातीतल्या दिवेवाल्यासारखा. सासूबाई खुर्चीत बसून दोघांकडे बघत होत्या. रात्री कोणी झोपलं नाही. उजाडता उजाडता कळा इतक्या जवळ आल्या की मधे चहाचा घोटही मावेना, आणि मग तिघं पुन्हा हॉस्पिटलात.

आत एकालाच परवानगी होती. साहजिकच नवरा गेला. सिस्टरने त्याला शिकवलं: कळ आली की कमरेखाली या जागी तळहाताने दाबायचं, कळ संपेपर्यंत सोडायचं नाही. त्याने दाबलं.

"जोरात," ती म्हणाली.

"दाबतोय."

"अरे, लिफ्टचं बटण आहे का ते? एका बोटाने काय दाबतोस?"

"पूर्ण हात आहे गं."

पुढची कळ आली. तिला वाटलं मणक्याचा खालचा भाग सुटून हातात येईल. मधे थोडीही उसंत नव्हती. पोटातली कळ उतरली तरी पाठीतलं दुखणं जात नव्हतं, नुसतं दबा धरून बसायचं. यंत्राचा पट्टा लावायला तिला उताणं झोपवलं तर ती ओरडलीच, पट्टा काढेपर्यंत. भूल देणाऱ्या डॉक्टर दुसऱ्या बाईच्या ऑपरेशनला गेल्या होत्या. "दुखणं थांबवायचं इंजेक्शन देता येईल का, त्या आल्या की विचारते," सिस्टर म्हणाल्या. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि तो हळूच म्हणाला, "होईल बरं, थोडा वेळ..."

"तू बाहेर जा," ती म्हणाली. रागाने नाही. दमून. "आईंना पाठव. त्यांचा हात पाठव."

सासूबाई आल्या, त्या बाह्या वर करूनच. सिस्टरने पलंगाची डोक्याकडची बाजू उभी केली, भिंगरीला त्यावर पुढे झुकून गुडघ्यांवर बसवलं. "जोर लावा," सिस्टर सासूबाईंना म्हणाल्या, "घाबरू नका."

सासूबाईंनी मूठ वळली, कोपर स्वतःच्या कमरेला टेकवलं आणि सगळं अंग त्या मुठीत घालून दाबलं. जशी जाड चादरीची घडी दाबतात तशी. भिंगरीच्या तोंडून एक लांब आवाज निघाला, पण तो ओरडण्याचा नव्हता.

"इथेच?"

"इथेच. काढू नका."

मग किती वेळ गेला ते दोघींनाही सांगता येणार नाही. कळ यायची, मूठ यायची, कळ जायची. मधे भिंगरी उठून चालायची, खिडकीपर्यंत, भिंतीला हात लावून परत. बस म्हटलं की उठायची, उठ म्हटलं की वाकायची. सासूबाई तिच्यामागून मूठ तयार ठेवून चालत होत्या. एका कळेनंतर त्या स्वतःही पलंगाला टेकल्या. दुसऱ्या हाताने मनगट चोळू लागल्या.

"हा असाच आला होता," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"तुझा नवरा. पाठीला पाठ लावून. माझीही पाठच गेली होती, पोट नव्हतं दुखलं. मी शेवटपर्यंत इस्त्रीच्या टेबलापाशी उभी होते ना. माझ्या सासूने गावभर सांगितलं, हिने उभं राहून राहून पोर फिरवलं."

भिंगरीने मान वळवली. "उभं राहून?"

"हो. मला उभी राहिले म्हणून. तुला बसलीस म्हणून." सासूबाईंनी मनगट झटकलं. "म्हणजे बाईने करायचं काय? दोरीवर लटकायचं?"

भिंगरीला हसू आलं, आणि हसता हसता कळ आली, आणि ते दोन्ही एकदम होताना तिचा जीव असा काही मेटाकुटीला आला की ती सासूबाईंना धरून त्यांच्या खांद्याला चावली. सासूबाईंनी हात मागे नेऊन तिच्या कमरेवर मूठ रोवली, ती काढली नाही.

दुपारपर्यंत तिला ढकलावंसं वाटू लागलं. आवरेनाच. सिस्टरने तपासलं आणि मान हलवली. "अजून नाही. तोंड पूर्ण उघडलेलं नाही. बाळाचं डोकं मागे दाबतंय म्हणून तुम्हाला तसं वाटतंय. आत्ता जोर लावू नका, फुंकर घाला. मेणबत्ती विझवल्यासारखी." सगळं अंग एकीकडे ओढत असताना फुंकर घालायची, ही तिच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट होती. आजवर तिने कुठलीच गोष्ट थांबून केली नव्हती. ती कोपरांवर वाकली, कपाळ उशीत खुपसलं आणि फुंकर घालत राहिली.

डॉक्टरबाई आल्या. तपासून म्हणाल्या, "पूर्ण उघडलंय. बाळ अजून पुढेच बघतंय. ठोके उत्तम आहेत, तेव्हा आधी तुम्ही प्रयत्न करा. गरज पडली तर हाताने वळवून बघेन, किंवा व्हॅक्यूम लावेन. अगदीच पुढे सरकलं नाही तर ऑपरेशन. जे करेन ते सांगून करेन."

"डॉक्टर," ती म्हणाली. तिला ते आत्ता विचारायचं नव्हतं, पण तेच बाहेर आलं. "मी गाडीत बसायचे म्हणून वळलं नाही का?"

डॉक्टरबाई हातमोजे घालता घालता थांबल्या. "नाही. काही बाळं का वळत नाहीत हे आम्हालाही नेमकं सांगता येत नाही. तुम्ही बसल्यामुळे नाही, आणि तुम्ही फरशा पुसल्या असत्यात म्हणूनही वळलं नसतं."

"पुसल्या होत्या," सासूबाई म्हणाल्या. "पलंगाखालच्या सुद्धा."

मग जोर लावायचं सुरू झालं. गुडघ्यांवर, मग कुशीवर, मग पुन्हा गुडघ्यांवर. भिंगरी बदलत राहिली आणि कोणी तिला अडवलं नाही. मधे डॉक्टरबाईंनी हात घालून डोकं वळवून पाहिलं, ते जरासं वळलं आणि हात काढल्यावर पुन्हा जागेवर गेलं. बराच वेळ काहीच सरकत नव्हतं. खोलीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली होती, आणि ते बघणं तिने पाहिलं. ऑपरेशनच्या खोलीला तयार राहायला सांगा, असं कोणीतरी दाराशी हळू बोललं. तिला भीती वाटली नाही, वाटला तो संताप. स्वतःचा, बाळाचा, आणि त्या भिंतीचा जी सकाळपासून तिच्यासमोर तशीच हिरवी होती.

"आणखी एक," ती म्हणाली.

"दमलायत तुम्ही."

"आणखी एक लावते म्हटलं ना."

त्या एकाने डोकं खाली आलं. पुढच्याने आणखी. सिस्टरने तिला कुशीवर घेतलं, सासूबाईंनी वरचा पाय धरला. आणि मग एकदम सगळे बोलायला लागले, सावकाश, थांबा, फुंकर, आता सोडा, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुढे बघतच येतंय बरं का."

कपाळ आलं, मग नाक, मग हनुवटी. इतर बाळं येतात ती खाली मान घालून. हिने जगात येताना आधी समोरची हिरवी भिंत पाहिली. मुलगी होती. चेहरा सुजलेला, एका डोळ्यावर निळसर डाग, डोकं मागे लांबट, आणि कपाळावर आठी. छातीवर ठेवली तेव्हा ती आधी रडली नाही, नुसती बघत राहिली, आणि मग अशी रडली की बाहेर नवऱ्याच्या हातून पाण्याची बाटली पडली.

"सूज जाईल ना?" भिंगरीने विचारलं.

"उतरेल. डागही जाईल. डोकंही गोल होईल," सिस्टर म्हणाल्या.

टाके बरेच पडले. ते घालत असताना भिंगरी थरथर कापत होती, थंडीने नाही, आपोआप. सासूबाई बाळाकडे गेल्या नाहीत. त्या तिच्या उशाशी उभ्या राहिल्या, दोन्ही हात कोपरापासून खाली लोंबत, जसे त्यांचे नव्हतेच. नवरा आत आला, आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि कोणाला आधी धरावं ते न कळून दारातच उभा राहिला.

पुढचं काही एकदम सरळ झालं नाही. माकडहाड कित्येक आठवडे दुखत होतं. मधे भोक असलेल्या उशीवर बसावं लागे, आणि बसणं तर तिला आधीच नको असायचं. मुलीला दूध नीट ओढता येईना, मान एकाच बाजूला वळवायची. ते हळूहळू सुटलं. भिंगरी कधी कधी भर दुपारी विनाकारण रडायची आणि मग रडल्याबद्दल चिडायची. कामावर कधी जायचं हे ठरत नव्हतं. जावं असंही वाटे, या लहान जिवाला सोडून कशी जाऊ असंही वाटे, आणि दोन्ही विचार एकाच वेळी मनात घेऊन ती घरात येरझारा घालायची. बाळ खांद्यावर, पाठीत कळ, आणि समोर तोच ओटा, तीच गॅलरी, तेच दार.

एकदा भेटायला आलेल्या शेजारणीने बाळाच्या लांबट डोक्याकडे बघून म्हटलं, "गाडीचं काम ना तुमच्या सुनेचं. तरीच."

सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "कसलं तरीच? डॉक्टरबाईंनी स्वतः सांगितलंय, त्याचा काही संबंध नाही. माझा मुलगा असाच आला होता. तेव्हा गाडी कुठे होती?"

शेजारीण दुसऱ्या विषयावर गेली. भिंगरी आत बाळाला घेऊन उभी होती. तिने ते ऐकलं, आणि बाळाला उगाचच दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

शेजारीण गेल्यावर सासूबाई आत आल्या. हात पुढे केले.

"दे इकडे. आणि तू जा."

"कुठे?"

"कुठेही. खाली. चक्कर मारून ये. घरातल्या घरात फिरून फरशी झिजवलीस."

बाळ त्यांच्या हातात देऊन ती पायऱ्या उतरली. बऱ्याच दिवसांनी एकटी. पुढे पोट नव्हतं आणि हातात बाळ नव्हतं, त्यामुळे चालताना तोल कुठे टाकावा हेच सुचेना. हात लोंबत ठेवावेत की खिशात घालावेत? रस्त्यावर ऊन होतं. दुकानदाराने शटर अर्धं ओढलं होतं. कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानात कोणीतरी चाक गरगर फिरवून बघत होतं. ती त्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि वळली, कारण वर बाळ रडत असेल असं तिला वाटलं. मग थांबली. कान दिला. एवढ्या लांबून काहीच ऐकू येत नव्हतं. पाठीत नेहमीची ठणक होती, चालवत नाही म्हणण्याइतकी नाही. ती पुन्हा वळली आणि पुढच्या कोपऱ्याकडे निघाली.